गॅसवरून इंडक्शनकडे: आधी पॉइंट, मग भांडी, शेवटी शेगडी

इंडक्शन घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली येते ती शेगडी. मग ओट्याजवळ तिच्यायोग्य पॉइंट नाही हे लक्षात येते, आणि तोही झाला की घरातली निम्मी भांडी तिच्यावर चालत नाहीत हे कळते. क्रम नेमका उलटा हवा. आधी हिशेब आणि वायरिंग, मग भांडी, आणि या दोन्हींचे समाधानकारक उत्तर मिळाले तरच शेगडी विकत घ्यावी. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या असून त्या प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या रोजच्या स्वयंपाकाचा विचार करून लिहिल्या आहेत.

शेगडी काम कशी करते हे थोडक्यात समजून घेतले की पुढच्या अनेक सूचनांमागचे कारण आपोआप कळते. काचेखाली तांब्याच्या तारेचे सपाट वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तने घेणारा विद्युतप्रवाह जातो, त्याच्यामुळे तयार होणारे चुंबकीय क्षेत्र वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात प्रवाह खेळवते आणि त्यामुळे ते बूडच तापते. काच स्वतः तापत नाही. तापलेल्या भांड्यामुळे ती गरम होते. भांडे उचलले की उष्णता तयार होणे त्याच क्षणी थांबते.

पहिली पायरी: हिशेब

"इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त पडते" हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते. ते काही घरांत खरे आहे आणि काही घरांत साफ खोटे, म्हणून आपल्या घराचा हिशेब आपणच मांडावा. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता साठवलेली असते. त्यातली सुमारे ६० ते ६८ टक्केच भांड्याला मिळते, उरलेली भांड्याच्या कडेने ओट्यावर आणि आपल्या अंगावर येते. इंडक्शनवर हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एक सिलिंडर जेवढा स्वयंपाक करतो, तेवढ्यासाठी इंडक्शनला ढोबळमानाने १२५ ते १४५ युनिट वीज लागते. सिलिंडरच्या किमतीला १३५ ने भागले की कोणत्या दरापर्यंत वीज परवडेल तो आकडा हाती येतो. समजा सिलिंडर नऊशे रुपयांना पडत असेल, तर तो आकडा साडेसहा रुपयांच्या थोडा वर जातो.

आता वीजबिल समोर घ्यावे. महावितरणच्या घरगुती दरांना १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत, आणि इंडक्शनची वीज नेहमी आपल्या आजच्या वापराच्या वर चढते. त्यामुळे तुलना बिलाच्या सरासरी दराशी न करता आपला वापर ज्या टप्प्यापर्यंत पोहोचतो त्याच्या दराशी करायची असते. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकांना लागणारे १६ टक्के वीज शुल्क मिळवायला विसरू नये. अलीकडच्या दरांनुसार १०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात हे सगळे धरून एक युनिट दहा रुपयांच्या वर जाते. अशा घरात सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेल्यास खर्च वाढतो, हे आधीच मान्य केलेले बरे. याउलट एकट्या-दुकट्याचे घर, जिथे महिन्याचा वापर इंडक्शन धरूनही शंभराच्या आत राहतो, किंवा छतावर सौर पॅनेल असून दिवसा निर्माण होणारी वीज शिल्लक राहते असे घर, यांना इंडक्शन स्वस्त पडू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे हा दुसरा गट वाढतो आहे. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राहून स्वस्त असल्याने तिथले गणित आणखी वेगळे येते.

पैसे वाचत नसले तरी इंडक्शन घेण्याची कारणे उरतातच. स्वयंपाकघर तापत नाही आणि पंखा लावून स्वयंपाक करता येतो. गॅसवर ज्योत विझण्याच्या भीतीने पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्याच्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्याला या एका मुद्द्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी: पॉइंट आणि वायरिंग

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सर्वांत महत्त्वाचीही. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह घेते. ओट्यावर मिक्सरसाठी असलेले लहान सॉकेट सहा अँपिअरचे असते. त्यात कन्व्हर्टर प्लग घालून शेगडी चालवली तर ती चालते, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण चालते म्हणून कोणी बंद करत नाही आणि आत सॉकेटचे प्लॅस्टिक हळूहळू पिवळे पडून मऊ होत राहते. शेगडीला सोळा अँपिअरचा, जाड पिनांचा, स्वतंत्र स्विच असलेला पॉवर पॉइंटच हवा. एक्स्टेंशन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

परवानाधारक वायरमनला बोलावून चार गोष्टी विचाराव्यात. या पॉइंटची लाइन थेट डीबीतून (घरातल्या मुख्य वीजपेटीतून) स्वतंत्र आली आहे, की फ्रिज आणि वॉटर प्युरिफायरच्या बोर्डातून पुढे ओढली आहे? वायर तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची आहे का? अर्थिंग खरोखर जोडलेले आहे, की तिसरे भोक नुसते शोभेला आहे? डीबीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेले आहे का? जुन्या इमारतींत यांतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर हमखास नकारार्थी येते. एकाच काचेखाली दोन वेटोळी असलेला, साडेतीन हजार वॉटचा हॉब ओट्यात बसवायचा असेल तर तो पंधरा अँपिअरच्या वर प्रवाह घेतो. त्याला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) घ्यावा.

मग वीजबिलावर "मंजूर भार" या रकान्यात किती किलोवॉट लिहिले आहेत ते पाहावे. जुन्या जोडणीत तो एक किलोवॉट असणे नवल नाही. सकाळी गिझर, इंडक्शन आणि इस्त्री एकाच वेळी चालणाऱ्या घरात प्रत्यक्ष भार सहज पाच किलोवॉटवर जातो, म्हणून भारवाढीचा अर्ज आधीच करून ठेवावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी वायरिंगला हात लावण्यापूर्वी घरमालकांशी बोलून घ्यावे. पॉइंटचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न घर सोडताना निघण्यापेक्षा आत्ताच निघालेला चांगला.

नवीन पॉइंट झाल्यावर त्याची परीक्षा सोपी आहे. पातेलेभर पाणी पूर्ण पॉवरवर दहा मिनिटे उकळत ठेवावे, शेगडी बंद करावी आणि प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसण्याइतका गरम असेल तर सॉकेटमधली जोडणी सैल आहे आणि वायरमनला परत बोलावणे भाग आहे.

तिसरी पायरी: भांड्यांची निवड

फ्रिजवर चिकटवलेले चुंबक काढावे आणि मांडणीवरचे प्रत्येक भांडे पालथे करून त्याच्या बुडाला लावावे. चुंबक घट्ट चिकटले तर भांडे चालेल, अडखळत चिकटले तर रडतखडत चालेल, गळून पडले तर चालणार नाही. कडेला चिकटून उपयोग नाही, बुडाला चिकटायला हवे. अ‍ॅल्युमिनियम, हिंडालियम, तांबे आणि पितळ या परीक्षेत नापास होतात. स्टीलची बरीच पातेलीही नापास होतात, कारण भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टीलचे काही प्रकार चुंबकाला ओढले जात नाहीत. लोखंडी तवा आणि बिडाची कढई मात्र पहिल्या फटक्यात पास होतात; आजीच्या काळातली म्हणून माळ्यावर टाकलेली बिडाची भांडी या निमित्ताने खाली येतात.

चुंबकानंतर सपाटी तपासावी. भांडे ओट्यावर ठेवून कडेला बोट दाबावे. ते डुगडुगले तर इंडक्शनवर आवाज करेल आणि असमान तापेल. गोल बुडाची कढई याच कारणाने बाद होते. वर्षानुवर्षे वापरलेल्या कुकरचे बूडही पुष्कळदा बाहेर फुगलेले असते. तिसरी गोष्ट म्हणजे आकार. बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरहून कमी असेल तर पुष्कळ शेगड्यांना भांडे ठेवल्याचेच कळत नाही आणि त्या नुसत्या पिप्‌पिप् करत राहतात. दोन कपांचे चहाचे भांडे आणि फोडणीची कढली इथे अडकते.

सगळी भांडी बदलण्याची गरज नाही. चौघांच्या घराला सुरुवातीला इंडक्शन बेसचा एक पाच लिटरचा कुकर, जाड बुडाची दोन पातेली, सपाट बुडाची एक कढई आणि घरातला लोखंडी तवा एवढ्यावर भागते. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घेताना "इंडक्शन बेस" या शब्दांवर विसंबू नये. बुडाला बसवलेली स्टीलची चकती पुरेशी मोठी आणि सपाट आहे का ते चुंबक आणि बोट वापरून दुकानातच पाहावे. जुनी भांडी चालावीत म्हणून मधे ठेवायची लोखंडी चकती बाजारात मिळते. ती घेऊ नये. चकती आधी तापते, मग भांडे, आणि इंडक्शनचा वेग व वीजबचत दोन्ही तिथेच संपतात.

चौथी पायरी: शेगडी घेणे

दुकानात इन्फ्रारेड आणि इंडक्शन या दोन शेगड्या शेजारी मांडलेल्या असतात आणि "हिच्यावर सगळी भांडी चालतात" असे सांगून पहिली गळ्यात मारली जाते. इन्फ्रारेडची काच लालभडक तापते, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि तिला वीजही अधिक लागते. आपल्याला इंडक्शन हवी आहे हे स्पष्ट सांगावे. एका वेटोळ्याची चांगली शेगडी साधारण दोन ते चार हजार रुपयांत मिळते. "डोसा", "इडली", "करी" अशी बटणे किती आहेत हे पाहण्यापेक्षा पॉवर किती पायऱ्यांत कमी-जास्त होते, वेटोळे किती रुंद आहे, आयएसआय खूण आहे का आणि आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे विचारावे. ती बटणे घरी आल्यावर कोणी वापरत नाही.

एक फरक मात्र डेमो मागूनच कळतो. स्वस्त शेगड्या कमी पॉवरवर सलग मंद तापत नाहीत; काही सेकंद जोरात चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. पाणी ठेवून सर्वांत कमी पॉवर लावली की उकळी येते-जाते, येते-जाते असे दिसते. भाजी-आमटीला याने फरक पडत नाही, पण दूध आटवणे, खीर, पुरण यांना पडतो, कारण जोराच्या प्रत्येक झटक्याला बुडाशी थर लागतो. या पदार्थांची घरात ये-जा असेल तर थोडे अधिक पैसे देऊन कमी पॉवरवरही सलग चालणारी शेगडी घ्यावी.

घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. चालू शेगडीपासून पेसमेकर किमान ६० सेंटिमीटर लांब ठेवावा अशी साधारण सूचना असते, आणि ओट्याशी उभे राहून ढवळणाऱ्याला ती पाळणे अवघड जाते.

पाचवी पायरी: मांडणी

शेगडी सपाट ओट्यावर, सिंकपासून दूर आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावी, कारण तिच्या खालून किंवा मागून पंखा हवा ओढतो. जागा वाचवण्यासाठी ती गॅसच्या शेगडीवर चढवून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती घातक आहे. खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरू नये, तो पंख्याची जाळी बंद करतो. स्वयंपाक झाल्यावर शेगडीच्या बटणाने ती बंद करावी, आतला पंखा थांबू द्यावा आणि मगच भिंतीवरचा स्विच पाडावा. काच ओल्या फडक्याने पुसावी, पण थंड झाल्यावर. आणि झुरळांचा बंदोबस्त करावा. आतली उबदार जागा त्यांना फार आवडते, आणि बंद पडलेली शेगडी उघडली की सर्किट बोर्डावर तीच सापडण्याची शक्यता दांडगी.

सहावी पायरी: पदार्थ एकेक करून हलवणे

पहिल्याच दिवशी सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करायला घेऊ नये. सुरुवात पाण्यापासून करावी. एक लिटर पाणी १६०० वॉटवर सुमारे चार मिनिटांत उकळते आणि त्याला एक दशांश युनिट वीज लागते. गॅसच्या मानाने हा वेग अधिक असतो, आणि याच वेगाची हाताला सवय व्हायला आठवडाभर जातो. चहा, अंडी, नूडल्स, वाफवलेले मोदक, इडली हे सारे या पहिल्या आठवड्यात बिनधास्त हलवावे.

त्यानंतर कुकर. गॅसवर आपण शिट्ट्या मोजतो. इंडक्शनवर पूर्ण पॉवर ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात आणि तूरडाळ मात्र कच्ची राहते, कारण डाळ शिजायला शिट्ट्या नव्हे, दाबाखालचा वेळ लागतो. पहिली शिट्टी होईपर्यंत १४०० ते १६०० वॉट ठेवावेत, मग पॉवर ६०० च्या आसपास आणून टायमर लावावा. भाताला पाच मिनिटे, भिजवलेल्या तूरडाळीला दहा-बारा मिनिटे इथून सुरुवात करावी आणि आपल्या कुकरप्रमाणे पुढे-मागे करावे. टायमर संपला की शेगडी आपोआप बंद होते. कुकर लावून बाहेरच्या खोलीत जाता येणे ही सोय लहान नाही.

फोडणीला हात बसायला सर्वांत जास्त वेळ लागतो. गॅसवर तेल तापेपर्यंत आपण मोहरीचा डबा उघडतो, कढीपत्ता धुतो. इंडक्शनवर तेवढ्या वेळात तेल धुरावते, आणि त्यात पडलेली हळद काळी व हिंग कडू होतो. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, चिरलेला कांदा हे सगळे आधी हाताशी मांडावे. कढई ८०० वॉटवर ठेवून तेल घालावे, एक मोहरी टाकून ती तडतडते का पाहावे, मग उरलेली मोहरी घालावी. ती फुटली की शेगडीचे बटण बंद करून हिंग-हळद टाकावी, लगेच कांदा घालावा आणि मगच पुन्हा चालू करावी. आमटी-कढीवर वरून द्यायची फोडणी कढलीत होत नसल्याने सपाट बुडाच्या लहान पॅनमध्ये करावी लागते, किंवा आधी फोडणी करून त्याच भांड्यात शिजलेली डाळ घालायची उलटी पद्धत धरावी. चवीत फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तळणासाठी तापमानाचे बटण १८० अंशांवर ठेवून निश्चिंत होऊ नये. सेन्सर काचेखाली असतो आणि तेलाचे तापमान त्याला उशिरा कळते. पुरी फुगते का, हे पाहूनच ठरवावे. रिकामे नॉनस्टिक भांडे पूर्ण पॉवरवर कधीही तापत ठेवू नये. एखाद्या मिनिटातच त्याचा थर खराब होण्याइतके ते तापू शकते.

पोळी आणि भाकरी यांचा विचार वेगळा करावा लागतो. घडीची पोळी तव्यावरच पूर्ण भाजली जाते, त्यामुळे तिला अडचण नाही. तवा आधी ४०० वॉटवर तीन-चार मिनिटे सावकाश तापवावा, नाहीतर पातळ लोखंडी तव्याचा मधला भाग एकदम तापून वर उचलला जातो, आणि मग १००० ते १२०० वॉटवर पोळ्या कराव्यात. तव्याचा वेटोळ्यावरचा भागच नीट तापतो, कडा थंड राहतात, म्हणून पोळी मधूनमधून फिरवत राहावी लागते. भाकरीला मात्र शेवटी विस्तवाची धग लागते. इंडक्शनवर ती अशी करून पाहावी: भाकरी तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवावे, पाणी पूर्ण सुकण्याआधी उलटावी, त्या बाजूला डाग पडले की पुन्हा उलटून घडी घातलेल्या स्वच्छ फडक्याने कडा दाबत जावे. आतली वाफ कडेकडून मधे सरकते आणि पापुद्रा सुटतो. भाकरी फुगते, पण ज्योतीवर शेकलेलीचा खरपूसपणा तिला येत नाही. ज्या घरात दोन्ही वेळा ज्वारी-बाजरीची भाकरी होते, तिथे गॅसचा एक बर्नर ठेवावा असेच मी सांगेन. भरताचे वांगे आणि भाजलेला पापड हेही त्याच बर्नरच्या वाट्याला जातील.

सातवी पायरी: गॅसचे काय करायचे

वीज गेली की इंडक्शन बंद. घरातला नेहमीचा आठशे ते हजार व्हीएचा इन्व्हर्टर ही शेगडी ओढू शकत नाही आणि तिला त्याच्यावर जोडूही नये. त्यामुळे निदान वर्षभर तरी गॅस जोडणी सोडू नये. एक पावसाळा पार पडला की आपल्या भागात वीज किती वेळा आणि किती काळ जाते याचा अंदाज येतो. दोन सिलिंडरांची जोडणी असेल तर वितरकाला विचारून एक परत करता येतो आणि त्याची अनामत मिळते. पूर्ण जोडणीच सोडायची असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन वितरकाकडे जावे. तिथे टर्मिनेशन व्हाउचर देऊन अनामत परत केली जाते.

गॅस ठेवला तर त्याचा वापर कमी झाला म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. रोज न लागणाऱ्या सिलिंडरचा रेग्युलेटर काम झाल्यावर बंद ठेवावा आणि नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. नळीवर छापलेले वर्ष पाहण्यासाठी शेगडी सरकवावी लागते, ती आज इंडक्शनची जागा करताना सरकवणारच आहात, तेव्हाच पाहून घ्यावे.